नंतर सांगतो

कमी ऐकू येणाऱ्यांची आमची पिढी आता निवृत्त होत आली. कोणी बँकेत होतं, कोणी विमा कचेरीत, कोणी सरकारी खात्यात, कोणी छापखान्यात. असे आम्ही चार-सहा जण हॉटेलात भेटलो, की मेन्यूकार्ड मागवण्याआधी दिवे आणि पंखे बघतो. कोणाच्या पाठीमागे खिडकी नको, कारण उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. डोक्यावर स्पीकर नको. टेबल गोल असेल तर उत्तम. एवढं जमलं की चहा येतो आणि चहाबरोबर ठरलेलं वाक्य येतं: आजकालच्या पोरांना किती सोपं झालंय. सगळे माना डोलावतात. मग दुसरं ठरलेलं वाक्य येतं: पण पूर्वीची मजा वेगळीच होती. त्यावरही सगळे माना डोलावतात. नीट न ऐकता मान डोलावण्याची सवय आम्हाला जुनी आहे, म्हणून या दुसऱ्या वाक्याची जरा झडती घ्यायला हवी.

आधी मशीनचं घेऊ. आमच्या लहानपणी कानाचं मशीन कानावर नसायचं, खिशात असायचं. त्या डबीतून निघालेली वायर गळ्यावरून वर जाऊन कानात शिरायची. आई बनियनला आतून खास खिसा शिवून द्यायची. मशीन सगळेच आवाज सारख्या निष्ठेने मोठे करायचं: बाईंचा, पंख्याचा, बाक सरकल्याचा आणि सगळ्यांत जास्त म्हणजे त्याच्यावर घासणाऱ्या खळीच्या शर्टाचा. अफझलखानाचा वध आम्ही त्या खसखशीतूनच ऐकला. कानातला साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारायचं. ती शिट्टी आम्ही सोडून सगळ्यांना ऐकू यायची. वर्ग वळून बघू लागला, की आपण वाजतोय हे कळायचं.

आताचं मशीन केसांत सहज लपेल एवढं असतं, आणि ते कोणाला लपवायचं नसतं. ते गोंगाटातून बोलणं वेगळं काढायचा प्रयत्न करतं, ब्लूटूथने फोनला जोडलं जातं, मोबाइलवरून कमी-जास्त करता येतं. आम्ही कानावर केस वाढवले. आताच्या मुली जांभळा, चमकीचा साचा मागून घेतात. चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या पलीकडे जाते, तेव्हा ती चार लोकांना दिसावी हेही बरोबरच आहे.

यात गेला तो सेलचा विधी. शर्टाच्या बटणाएवढा तो सेल, त्याच्या पाठीवर रंगीत पट्टी. पट्टी काढली की आत हवा शिरते आणि सेल कामाला लागतो. जाणकार लोक पट्टी काढून मिनिटभर थांबायचे, मगच सेल मशीनमध्ये घालायचे. काढलेली पट्टी ‘कालनिर्णय’वर त्या तारखेला चिकटवायची, म्हणजे सेल किती दिवस चालला याचा हिशेब राहतो. आमच्या भिंतीवर संकष्टी आणि एकादशी यांच्यामध्ये नारिंगी, तपकिरी पट्ट्या असत, आणि हे कुठलं व्रत, असं पाहुणे विचारत. सेल ठरावीक दुकानांतच मिळत. तिथे आपल्यासारखी माणसं भेटत, ओळखी होत, आणि अडल्या वेळी एकमेकांना सेल उसना देण्याइतकं नातं जमे. आता मशीन रात्री चार्जरवर ठेवतात. सोय उत्तम आहे. फक्त चार्ज उसना मागता येत नाही.

नोकरीच्या दारात मात्र वेगळंच यंत्र आडवं उभं होतं: टेलिफोन. मुलाखतीत बाकी सगळं पार पडलं की शेवटी प्रश्न यायचाच, “फोन घेता येईल का?” आणि तो नेमका ओठांवर मिशा उतरलेल्या साहेबांकडून यायचा. प्रश्न कळला नाही तरी हाच असणार असं धरून आम्ही “प्रयत्न करीन” म्हणायचो. नोकरी लागली, की आमच्यासाठी आलेला फोन शेजारच्या टेबलावरचा सहकारी घ्यायचा. एकेक वाक्य ऐकून, ओठ नीट हलवून तो आम्हाला सांगायचा आणि आमचं उत्तर पलीकडे पोचवायचा. परिणामी आमच्या मुलांचे मार्क, सासऱ्यांचं ऑपरेशन आणि फ्लॅटचा थकलेला हप्ता सगळ्या सेक्शनला तोंडपाठ असे. विचारपूस करायला कोणी चुकत नसे, कारण बातमी त्यांना आमच्याआधी कळलेली असे.

आता समोरचा माणूस बोलतो आणि फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. २०१९ साली गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ आलं तेव्हा आमच्यातल्या एकाने घरच्यांना तासभर नुसतं बोलायला लावलं होतं. मेल, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल हे सगळं आमचं आम्हाला करता येतं. खासगी गोष्टी खासगी राहतात. विचारपूसही त्यामुळे कमी झाली, पण ती मागे हवी असेल तर सासऱ्यांचं ऑपरेशन पुन्हा सेक्शनला सांगावं लागेल, आणि त्याला आमची तयारी नाही.

फोनच्या आधीचे दिवस आमच्यासाठी बरे होते, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. सगळी दुनिया पत्रं लिहीत होती तेव्हा आंतर्देशीय पत्रात आम्ही कोणाहून कमी नव्हतो. मग नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, नातेवाईक लिहायचे थांबले आणि बोलायला लागले. देश जोडला गेला, आम्ही तुटलो. पुढे १९९५ साली दोन गोष्टी घडल्या. जुलैत देशात मोबाइल सेवा सुरू झाली, आणि डिसेंबरात संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा कायदा केला. मोबाइलचा दर ऐकून सगळे हादरले आणि कायदा वाचून आम्ही हुरळलो. प्रत्यक्षात कायद्याची वाट बघता बघता मोबाइलवर एसएमएस आले, आणि आमचं अर्धं काम त्या फुटकळ संदेशांनी करून टाकलं. तेवढ्यासाठी ते कोणी काढलेले नव्हते, म्हणून बहुधा वेळेवर पोचले.

कायद्याचा फायदा घ्यायचा तर आधी दाखला हवा. १९९५च्या कायद्याप्रमाणे दोन्हींतल्या बऱ्या कानाने ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त गमावलेलं असायला हवं होतं. म्हणजे सरकारी रुग्णालयात खेटे, मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि ‘टुक’ ऐकू आलं की बटण दाबायचं. जन्मभर ऐकू येतं असं सोंग केलेल्या माणसाला त्या दिवशी प्रामाणिकपणे नापास व्हायचं असे. सवयीने बटणाकडे बोट जाई. नापास झालो की सरकारी नोकऱ्यांतल्या तीन टक्के राखीव जागांपैकी आमच्या वाट्याच्या एका टक्क्यात उभं राहता येई. रेल्वेची सवलत तरीही लांबच होती. ती मिळायला ऐकू न येणं आणि बोलता न येणं, दोन्ही एकाच माणसात पूर्णपणे असावं लागे. आम्हाला तर घरच्यांनी, शाळेने वर्षानुवर्षं घासून बोलायला शिकवलेलं. खिडकीवर तोंड उघडून सवलत मागितली, की सवलत गेली.

आता २०१६चा कायदा आहे. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं, तीनऐवजी चार टक्के, देशभर चालणारं एकच ओळखपत्र, आणि अर्ज घरबसल्या. तपासणीला मात्र अजून जावंच लागतं, आणि त्या रांगेत ऐकू येणारे लोकही अधूनमधून भेटतात. शिक्षकांच्या बदल्यांच्या दिवसांत बनावट दाखल्यांच्या बातम्या वाचल्या, की आमच्या व्यंगाला इतकी मागणी कधी आली, असं वाटून ऊर भरून येतो.

मीटिंगचं सांगायला हवं, कारण करिअर तिथेच होतं किंवा राहतं. आमच्या वेळच्या हॉलमध्ये टाइपरायटर असे खडखडत, की कोणालाच काही ऐकू येत नसे आणि सगळे ओरडून बोलत. ती आमची सोन्यासारखी समता होती. मीटिंग मात्र बंद खोलीत व्हायची. तिथे कोण बोलतंय हे शोधेपर्यंत त्याचं बोलून झालेलं असे, आणि विनोदावर आम्ही सगळ्यांनंतर हसत असू. शेजारी बसलेला भला माणूस वहीच्या कडेला दोन शब्द लिहून वही आमच्याकडे सरकवायचा: ‘बजेट कमी.’ ‘साहेब चिडलेत.’ ‘तुझं नाव घेतलं.’ तुझं नाव कशासाठी घेतलं, असं भुवयांनी विचारलं की तो हाताने खूण करायचा, नंतर सांगतो.

हे ‘नंतर सांगतो’ आम्ही आयुष्यभर ऐकलं, म्हणजे बघितलं. लग्नाच्या पंगतीत सगळे खदखदून हसले की काकू म्हणायची, नंतर सांगते. दवाखान्यात डॉक्टर बरोबर आलेल्या भावाशीच बोलायचे आणि भाऊ म्हणायचा, नंतर सांगतो. त्यातलं थोडं सांगितलं जायचं, बरंचसं “काही नाही रे, असंच” यात संपायचं. तरी जे सांगितलं जायचं, ते सांगायला कोणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असायचं. ऑफिस सुटल्यावर तो भला माणूस जिन्यात, उजेडाकडे तोंड करून, मीटिंग पुन्हा सांगायचा. साहेबांची नक्कलही करायचा. मूळ मीटिंगपेक्षा ती नक्कीच रंगतदार असणार.

आता पडद्यावर कॅप्शन धावतात. २०२० साली मास्क आले आणि एका रात्रीत गावातले सगळे ओठ नाहीसे झाले. आमच्यातल्या कितीतरी जणांना भाजीवाल्याशीही बोलता येईना. त्याच वर्षी मीटिंगा पडद्यावर गेल्या आणि त्यांच्याखाली अक्षरं आली. मराठीचं अजून जरा कच्चं आहे, ‘ठराव मंजूर’चा ‘ठराव मजूर’ होतो. पण सगळं वाचायला मिळतं. नोकरीच्या अखेरीअखेरीस आम्ही मीटिंग पहिल्यांदाच पूर्ण ‘ऐकली’. इतकी वर्षं आपलं काय काय बुडालं याची रुखरुख होती. कॅप्शन वाचल्यावर कळलं, फारसं काही नाही.

अर्थात हे अर्धंच खरं. बुडायचं ते मीटिंगच्या बाहेर बुडत होतं. कोणती जागा रिकामी होतेय, कोणता साहेब कोणत्या गटाचा, कोणता अर्ज आत्ताच टाकावा, हे सगळं चहाच्या टपरीवर आणि डब्याच्या वेळी ठरायचं, चार जण एकदम बोलत असताना. बढत्या तिथे पिकायच्या. आम्ही त्या वेळी डब्यात तोंड घालून बसलेलो असायचो आणि लोक म्हणायचे, किती शांत स्वभाव आहे. तिथे कॅप्शन आजही पोचलेली नाहीत.

करमणुकीचा हिशेब आणखी मजेशीर आहे. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे. सगळी चाळ हसे आणि आम्ही हसणाऱ्यांचे चेहरे बघत बसू. आमचा वार रविवार होता. ऐंशीच्या दशकात दुपारी बधिरांसाठी खुणांच्या भाषेतल्या बातम्या सुरू झाल्या. आठवडाभराच्या बातम्या पंधरा मिनिटांत, आणि त्यांना लागूनच प्रादेशिक चित्रपट, इंग्रजी सबटायटल्ससह. जेवून सगळं घर झोपे आणि आम्ही मल्याळी, बंगाली, असमिया सिनेमे वाचत बसू. पुढे प्रभात चित्र मंडळात जाऊन फ्रेंच, जपानी सिनेमे वाचले. लोक आम्हाला फार वरच्या अभिरुचीचे समजत. कुरोसावावर आम्ही तासभर बोलू शकत होतो. दादा कोंडक्यांचा एक विनोद आम्हाला धड कळलेला नव्हता.

आता मोबाइलवर हजारो चित्रपट सबटायटल्ससह पडून आहेत. टीव्हीसाठी २०१९ साली सरकारने मानकं आणली. २०२३च्या जानेवारीत ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीत कॅप्शन आणि अंधांसाठी वर्णन द्यावं, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. थिएटरातल्या चित्रपटांसाठीही २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. शाहरुख खान काय म्हणतो ते आता आम्हालाही कळतं, आणि रविवार दुपारची वाट बघावी लागत नाही. वाट बघायला काही उरलं नाही, ही तक्रार करणारे आम्हीच. मराठी सिनेमा मात्र अजूनही आम्ही बहुतेक वेळा इंग्रजीतून वाचतो, कारण मराठी बोलणाऱ्या पात्रांखाली मराठी अक्षरं लागतील असं निर्मात्याच्या मनातच येत नाही. ज्याची मातृभाषा मराठी, त्याला ती ऐकूच येत असणार, असा हिशेब असावा.

सगळ्यांत जास्त हुरहुर लागते ती लोकलमधल्या डब्याची. आमच्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत खुणा करायला बंदी होती. देशातली बधिरांची पहिली शाळा माझगावला १८८०च्या दशकात निघाली, आणि तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं बहुतेक शाळांत एकच ध्यास होता: मुलांनी तोंडाने बोललं पाहिजे. हात हलले की हातावर पट्टी बसायची. खुणा आम्ही शिकलो ते अपंगांच्या डब्यात. संध्याकाळी ऑफिसं सुटली की ठरावीक गाडीचा ठरावीक डबा म्हणजे क्लब असे. कोणाची मुंज, कोणाला नोकरी, कुठल्या गिरणीत माणसं घेतात, सगळं तिथे कळायचं. गर्दीच्या डोक्यावरून हात हलत, उतरलेला माणूस फलाटावरून आणि बसलेला खिडकीतून बोलत राही, आणि गाडी सुटली तरी वाक्य पूर्ण होई. ऐकणाऱ्यांना हे सुख नाही. अनेलीस कुस्टर्स या बेल्जियमच्या बधिर संशोधिकेने २००९ साली या डब्यांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला, तेव्हा आम्ही रोजचा वेळकाढूपणा समजत होतो त्याला विद्यापीठीय दर्जा मिळाला.

आता व्हिडिओ कॉलवर घरबसल्या खुणा करता येतात, म्हणून डब्यात भेटायची गरज उरली नाही. डब्यात बसलेले तरुण एकमेकांशेजारी बसून लांबच्या मित्राशी खुणा करताना दिसतात. पण ज्या भाषेसाठी पट्टी खाल्ली, तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या शब्दकोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द झाले. २०२३च्या सप्टेंबरात सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. आमच्या शाळेतल्या पट्टीवाल्या बाईंनी ते बघायला हवं होतं. आम्ही डब्यात शिकलेल्या काही खुणा तरुणांना आता गावठी वाटतात. शुद्धलेखनाची कटकट इथेही आलीच.

आमच्या चळवळीची भाषाही अशीच जुनी झाली. आम्ही अर्ज लिहायचो: ‘मी अत्यंत नम्रपणे विनंती करतो की’, आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. कार्बन लावून तीन प्रती. १९९५च्या कायद्याचं कलम ४७, ज्यात केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारता येणार नाही असं लिहिलं होतं, त्याची झेरॉक्स आमच्या ड्रॉवरमध्ये घडी करून ठेवलेली असे. ती काढायची हिंमत क्वचित व्हायची, कारण साहेब भला होता आणि भल्या माणसाला कलम दाखवायचं नसतं. भला साहेब बदलून गेला, की नव्याला पुन्हा पहिल्यापासून भला करावं लागे. वही सरकवणारा सहकारी बदलून गेला की आमची मीटिंगच संपे. आमचं अख्खं करिअर दोन-चार माणसांच्या चांगुलपणावर उभं होतं. त्यांनी जे लिहिण्यासारखं मानलं, तेच आमच्यापर्यंत आलं. आम्ही त्यांची आठवण काढून गहिवरतो, आणि त्यांच्या जागी कोणी खडूस असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येऊ देत नाही. खडूस होतेच की. ते ज्यांच्या शेजारी बसले, ते आमच्या गोल टेबलावर नाहीत. ते कधीच नोकरी सोडून गेले.

आताची मुलं अर्ज लिहीत नाहीत, मेल लिहितात, आणि मेलला विषय असतो: ‘कॅप्शन’. त्यात नम्रपणे नसतं आणि सहानुभूती तर नसतेच. २०२५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, तेव्हा आम्ही निकाल प्रिंट काढून ठेवला. मुलांनी तो लिंक म्हणून एकमेकांना पाठवला आणि बँकेच्या ‘फोनवरूनच पडताळणी होईल’ या उत्तराखाली चिकटवला. त्यांना कोणाचे उपकार नकोत. आम्हाला हे उद्धट वाटतं, कारण आम्हाला उपकारांची सवय झालेली आहे, आणि सवयीला आम्ही संस्कार म्हणतो.

परवा आमच्यातल्या एकाच्या पुतणीने, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनीला कळवलं: मीटिंगमध्ये कॅप्शन बंद होती, मला काही समजलं नाही, मीटिंग पुन्हा घ्या. पुन्हा घ्या! गोल टेबलावर सगळ्यांनी तो मेल फोनवर आळीपाळीने वाचला. ही कोण मोठी लागून गेली, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. चेहरे वाचण्यात आम्ही तरबेज आहोत. मग कोणाला तरी राहवेना. त्याने तिला लिहिलं, की मेलमध्ये २०१६च्या कायद्याचं कलम २१ घाल, समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, हवं तर मसुदा करून देतो. उत्तर लगेच आलं: “काका, त्याची गरज नाही पडली. घेतली त्यांनी.” कोणालातरी असं लिहिता यावं म्हणून आम्ही एवढे अर्ज केले होते. तरी मसुदा करून द्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.